घोरबांडांच्या मनगटावरची जळू

मंडळी, ऐका. टाळ जरा मांडीवर ठेवा. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. दिलेला शब्द मोठा, की मिळणारं दान मोठं?

काय म्हणालात? शब्द! वा, किती पटकन म्हणालात! पटकन म्हणालात, कारण दान अजून समोर आलेलं नाही. ते समोर येऊन बसू दे, हसू दे, तुमच्या घरचा चहा पिऊ दे, मग विचारतो.

आणि दान वाईट असं मी म्हणत नाही हां. नाहीतर पुढच्या वर्षी विश्वस्त मला बोलवायचे नाहीत. देणारे हात आहेत म्हणून देवळाला कळस आहे. पण देणाऱ्याला एक खोड असते. वर बघा, पंखा बघा. तीन पाती, तिन्ही पात्यांवर नाव! 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून.' आता पंखा फिरला की नाव दिसत नाही, आणि नाव वाचायचं तर पंखा बंद करावा लागतो. एका गावी मी गेलो, भर उन्हाळ्यात पंखे बंद. म्हटलं, वीज गेली का? तर हळूच म्हणाले, नाही हो महाराज, देणगीदार समोर बसलेत.

तर गोष्ट एका विद्यापीठाची. साधंसुधं नाही. तुंगवर्धन विद्यापीठ! डोंगरावर वसलेलं. तिथं प्रवेश मिळावा म्हणून पोरं दोन-दोन वर्षं क्लास लावतात, आणि मिळाला की आईबाप पेढे वाटतात — ज्यांच्या पोराला मिळाला नाही, त्यांच्याकडे आधी!

त्या विद्यापीठात एक प्राध्यापक होते, श्रीनिवास चांदवडकर. चांदवडकर सर. सज्जन माणूस, आवाज असा की शेजारच्याला 'काय म्हणालात?' विचारावं लागे. विषय कोणता? जळू. हसू नका! ओढ्यात असते ती, पायाला लागते ती जळू. जळवांच्या जिवावर पोट भरणारा मी ऐकलेला हा एकच माणूस. एरवी सगळं उलटं असतं.

बरं, एवढ्या मोठ्या विद्यापीठात सरांची जागा कुठं? जिन्याखाली. वर पोरं धडाधडा पळायची, खाली बाटल्यांवर धूळ पडायची. सर फडक्यानं बाटल्या पुसायचे. बावीस वर्षं पुसत होते. खिडकी नाही, उजेड नाही, तक्रार नाही.

पावसाळा लागला की सर आंबेघळीच्या ओढ्यावर जायचे. तिथं ठाकरवाडी, आणि वाडीत बुधीबाई मेंगाळ. खेकडे धरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती एक दिवस म्हणाली, "सायब, ही जळू येगळी हाये."

सर म्हणाले, "कशावरून?"

"दुसरी चावली का चार दिस खाज येती. ही चावली तर खाजच नाय."

सर हसले. मग रात्रभर भिंगाखाली बघितलं आणि हसू गेलं. खरंच वेगळी! जगात कुठल्याच पुस्तकात नाही! पण एका रात्रीत शास्त्र पटत नाही हो. दरवर्षी मोजा, दरवर्षी लिहा. आणि ही जळू जाळ्यात यायची नाही. तिला हवा माणसाचा ऊन पाय. मग पाण्यात कोण उभं राहायचं? बुधीबाई! लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात, आणि सर काठावर घड्याळ आणि वही घेऊन. एक नाही, दोन नाही, सात पावसाळे!

सातव्या पावसाळ्यात सर म्हणाले, "बुधीबाई, आता नक्की झालं, ही नवी आहे. हिला तुमचं नाव देणार मी. शब्द देतो."

ती म्हणाली, "जळवंला माझं नाव? बाया हसतील, सायब."

असं म्हणाली, आणि वाडीवर जाऊन तिन्हीसांजेच्या आत घराघरात सांगून आली. आपणही असंच करतो ना? 'कशाला उगाच' म्हणतो, आणि हार घालायला मान आधीच पुढं करतो.

आता दुसऱ्या बाजूला या. आप्पासाहेब घोरबांड. कोण? अहो, गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात ना, प्लास्टिकच्या, त्या करणारे. अर्ध्या जिल्ह्याच्या डोक्यावर ह्या माणसाचं नाव! भला होता, पण एका माणसाला चार मिनिटांच्या वर वेळ द्यायचा नाही. त्याला वाटलं, पाणी पुष्कळ साठवलं, आता थोडी विद्या साठवू. विद्यापीठाला म्हणाला, पाच मजली इमारत देतो. पायाही खणायला लावला.

कुलगुरू होत्या डॉ. मृणालिनी सबनीस. हुशार बाई. म्हणाल्या, "आप्पासाहेब, इमारतीवर आपलं नाव सोन्याच्या अक्षरांत घालू."

घोरबांड म्हणाले, "इमारत पडते, मॅडम. मला न पडणारं नाव पाहिजे."

झालं! विद्यापीठभर पळापळ. थोर थोर विद्वान, ज्यांना घरी भाजीची पिशवी उचलवत नाही, ते धावायला लागले! खगोलवाल्यांनी एक तारा देऊ केला. घोरबांडांनी विचारलं, "माझ्या गच्चीवरून दिसेल?" दिसत नव्हता, नापसंत. भूगर्भवाल्यांनी एक दगड आणला. घोरबांड म्हणाले, "दगड नुसता पडून असतो." नापसंत. इतिहासवाल्यांनी तर कमाल केली, आठ दिवसांत त्यांचा एक शूर पूर्वज शोधून काढला! पाच-सहा लढायांत होता म्हणे, सगळ्यांत जिवंत परतला. तत्त्वज्ञानवाल्यांनी दोन दिवसांचं चर्चासत्र भरवलं. विषय — 'टाकी आणि रिकामेपण.' तिथं अध्यक्ष रडले. खरंच रडले!

हसताय. पण त्यांना वाईट म्हणू नका. प्रत्येकाच्या खोलीचं छत गळत होतं. गळक्या छताखाली बसलेल्या माणसाला टाकीवाला देवच वाटणार.

शेवटी कोणीतरी सांगितलं, नवा जीव सापडला तर शास्त्रात त्याला माणसाचं नाव देता येतं, आणि ते नाव एकदा छापलं की कोणाच्या बापाला बदलता येत नाही. घोरबांड खुर्चीतून उठले. "हे पाहिजे. वाघ आहे का शिल्लक?"

वाघ शिल्लक नव्हता. जिन्याखालून बोलावणं गेलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे एक नवा प्राणी आहे म्हणे. नाव ठेवायचं राहिलंय."

"नाव ठरलंय, मॅडम."

"छापलंय?"

"नाही अजून."

"मग ठरलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हे बघा सर, पाच मजल्यांतला एक अख्खा मजला तुमचा. काचेची कपाटं. आणि पूर्वेला सहा खिडक्या."

मंडळी, सहा खिडक्या! पैसा दाखवला असता तर सर हलले नसते. खुर्ची दाखवली असती तरी हलले नसते. पण बावीस वर्षं जिन्याखाली बसलेल्याला खिडकी दाखवली हो! सर म्हणाले, "विचार करतो." आणि विद्वान माणूस 'विचार करतो' म्हणाला की समजायचं, विचार संपलेला आहे.

घरी जाऊन सरांनी लेखातलं बुधीबाईचं नाव खोडलं आणि घोरबांडांचं लिहिलं. लेख परदेशात छपाईला गेला. आणि त्या दिवसापासून सरांनी वाडीवरची वाट सोडली! ओढ्यावर जायचं तर डोंगराला वळसा घालून, करवंदीच्या जाळीतून. गुडघे दुखायचे, सदरे फाटायचे. पण वाडीवरून नाही. पाप लागतं का नाही मला माहीत नाही, पण वळसा मात्र लागतो.

आता समारंभ ठरला. मॅडमनी बजावलं, "सर, जळू हा शब्द कुठंही यायचा नाही. दुर्मिळ जलजीव." पत्रिकेत दुर्मिळ जलजीव, फलकावर दुर्मिळ जलजीव, आणि चित्र कशाचं? कमळाचं! तेवढ्यात घोरबांडांचा निरोप आला, मला तो जीव जिवंत बघायचाय.

जिवंत! आधीच्या दोन होत्या त्या बाटलीत कुजलेल्या. शास्त्राचा नियम असा की, ज्या एका जिवावरून नाव ठेवायचं, तो साक्षीदार म्हणून बाटलीत जपावा लागतो. तो चिरडला तर सात वर्षांचं काम पाण्यात. आणि नवी जळू आणणार कोण? एकच बाई. गेले सर वाडीवर, मान खाली घालून.

बुधीबाई म्हणाली, "येवढं दिस कुठं व्हता, सायब? नावाचं झालं का?"

सर म्हणाले, "होतंय."

खोटं बोलले का? नाही. खरं बोलले का? तेही नाही. शिकलेल्या माणसाला ह्या दोन्हींच्या मधली एक जागा ठाऊक असते, तिथं ते उभे राहिले.

समारंभ दुपारी तीनचा. त्याच दिवशी परदेशातून छपाईचा शेवटचा कागद संगणकावर आलेला — काही दुरुस्ती असेल तर आज पाचच्या आत कळवा, नंतर नाव कायमचं. सभागृह गच्च. बुधीबाई मडक्यात जळू घेऊन आली आणि, मंडळी, नवं लुगडं नेसून आली. तिला वाटलं, नावाचा कार्यक्रम आहे म्हणजे आपल्याच नावाचा. सरांनी ते लुगडं बघितलं आणि मडकं घेऊन घाईनं आत वळले.

तिला पडद्याच्या कडेला उभी केली. जळू काचेच्या मोठ्या भांड्यात सोडली, भोवती झेंडू लावला. मॅडम बोलायला उठल्या. "ह्या दुर्मिळ जलजीवाला आजपासून आप्पासाहेब घोरबांड यांचं नाव देण्यात येत आहे!" टाळ्यांचा कडकडाट! बुधीबाईनं सरांकडे बघितलं. सरांनी बुटांकडे बघितलं.

घोरबांडांना एक सवय. नवी टाकी झाली की तिच्यावर थाप मारायची. ते उठले, बाही मागं सारली आणि आशीर्वाद द्यायला हात घातला सरळ भांड्यात! जळू चावली तर कळतं का? कळत नाही, हीच तर तिची विद्या. त्यांनी हात बाहेर काढला, लोकांना दाखवायला उंच केला, आणि मनगटावर लोंबतेय काय? त्यांचं नाव!

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे.

घोरबांडांनी मनगट डोळ्यांजवळ आणलं. "ही जळू आहे?"

"दुर्मिळ जलजीव आहे, आप्पासाहेब."

"मॅडम, ही जळू आहे."

"तसं म्हणायचं तर," मॅडम म्हणाल्या.

"काढा."

सुरक्षा अधिकारी कॅन्टीनमधून मिठाची बरणी घेऊन धावत आला. आणि सर ओरडले, "मीठ नको!" ज्या माणसाचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं, त्याचा आवाज शेवटच्या रांगेत गेला. "मीठ टाकलं तर ती मरेल, ओढली तर फाटेल. एवढी एकच आहे. ही गेली तर नाव गेलं!"

नाव गेलं म्हटल्यावर घोरबांड थांबले. "मग किती वेळ?"

"पाऊण तास."

चार मिनिटांचा माणूस, आणि पाऊण तास! तोवर बुधीबाई पुढं आली होती. म्हणाली, "हात गुडघ्यावर ठिवा, शेट. हलू नका. पोट भरलं का आपोआप पडती."

बसले घोरबांड. आणि मॅडमनी काय करावं? खूण केली, कार्यक्रम चालू ठेवा! स्वागतगीत झालं. शाल घातली. नारळ डाव्या हातात दिला, कारण उजवा हात कामात होता. चार जणांची भाषणं झाली, 'आप्पासाहेबांनी विद्यापीठाला आपलं रक्त दिलं' असंही एकजण म्हणाला. जळू फुगत चालली.

आता माणूस बसून बसून करणार काय? घोरबांडांनी सरांना जवळ बोलावलं. "दुखत कसं नाही हो?"

सरांना आयुष्यात कोणी जळवेबद्दल मनापासून विचारलं नव्हतं. ते बोलायला लागले. हिच्या थुंकीनं जागा बधिर होते, हिला तीन जबडे असतात, ही रक्त गोठू देत नाही. माईक समोरच चालू! सभागृह ऐकत होतं.

"आणि एकदा प्यायली की पुन्हा कधी?"

"सहा-सहा महिने नाही."

"सहा महिने मागत नाही?" घोरबांडांनी मान वळवून मॅडमकडे बघितलं. मॅडम दिवाळीपासून तीनदा येऊन गेल्या होत्या.

बघा मंडळी! आपण कोणाला शिवी देतो, 'जळू आहे मेला!' अहो, जळू पोट भरलं की सुटते. सुटत नाही तो माणूस. देणारा नाव धरून सुटत नाही, घेणारा पदर धरून सुटत नाही, आणि जळू बिचारी मधल्यामध्ये बदनाम.

मग घोरबांडांनी विचारलं, "हिला शोधलं कोणी?"

मॅडम झटकन म्हणाल्या, "आपल्या विद्यापीठानं."

"विद्यापीठ उतरलं होतं ओढ्यात?"

सरांच्या डोळ्यांपुढं सहा खिडक्या, पूर्वेचं ऊन, काचेची कपाटं. आणि समोर नवं लुगडं. मंडळी, रणांगणावर मरणं सोपं असतं, तिथं ढोल वाजत असतात. इथं नुसता माईक होता. सर म्हणाले, "या बाईंनी शोधलं. ओढ्यात त्या उभ्या राहिल्या, मी काठावर होतो. नाव त्यांचंच ठरलं होतं. मी शब्द दिला होता. खिडक्यांसाठी फिरवला." एवढं बोलले आणि रडायला लागले.

घोरबांड लाल झाले. "ते मला सांगू नका. नाव माझंच राहील. इमारत देतोय, आणि आता तर रक्तही देतोय."

"रगत?" बुधीबाई म्हणाली. तिनं नव्या लुगड्याचा काठ उचलला आणि नडगी दाखवली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तिकोनी डाग, मोजता येईनात एवढे. "शेट, तुमी आज एक डाव पाजलं. म्या सात पावसाळं पाजत्ये."

घोरबांडांनी डाव्या हातातला नारळ खाली ठेवला.

बुधीबाई सरांकडे वळली. "मला नाव नगं व्हतं, सायब. पर तुमी शब्द दिला, म्हून म्या वाडीत समद्यांना सांगून बसल्ये. आता घरी जाऊन काय सांगू?"

आणि टपकन जळू पडली. पोट भरलं होतं तिचं.

सरांनी तिला अलगद उचललं, बाटलीत घातलं आणि व्यासपीठावरून उतरले. मॅडम मागं. "सर, पाच मजले आहेत!" सर चालत राहिले. "सर, खिडक्या!" सर जिन्याखाली शिरले. संगणकापुढं बसले, तो कागद उघडला. घोरबांडांचं नाव खोडलं आणि त्या जागी बुधीबाईचं लिहिलं. पाचाला दहा मिनिटं कमी होती. सर म्हणाले, "मॅडम, गेलं."

मग काय, घोरबांड सुधारले? त्यांनी मिठी मारली? अहो, ही काय नाटकातली गोष्ट आहे! जळवेची जखम लवकर थांबत नाही. सत्काराची शाल मनगटाला गुंडाळून ते गाडीत बसले आणि गेले. इमारत थांबली. पायाच्या खड्ड्यात पुढच्या पावसात पाणी साचलं. मॅडमनी तिथं पाटी लावली, 'नियोजित वास्तू'. त्या नियोजित वास्तूत आता बेडूक राहतात. सर अजून जिन्याखालीच आहेत. बाटल्या पुसतात.

पण अंक छापून आला तेव्हा सर तो घेऊन आंबेघळीला गेले. कुठल्या वाटेनं? वाडीवरच्या वाटेनं, सरळ! बायका गोळा झाल्या. बुधीबाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "सायब, कुठं हाये, बोट ठिवा." सरांनी बोट ठेवलं आणि ते लांबलचक परकं नाव वाचलं, त्यात मधोमध बुधी. बायका हसल्या. पोट धरून हसल्या. सगळ्यांत जास्त बुधीबाई हसली, आणि म्हणाली, "सायब, आजून एक डाव वाचा."

तर मंडळी, हे झालं विद्यापीठाचं. तुम्ही म्हणाल, थोरामोठ्यांची भानगड, आम्हाला काय त्याचं? आम्ही कुठं इमारती घेतो?

थांबा. आता माझं ऐका. सकाळी इथं आलो तेव्हा देऊळ उघडायचं होतं. एक मावशी हा मंडप झाडत होत्या. मी पाणी मागितलं, त्यांनी हातातला झाडू ठेवून, हात धुऊन पाणी दिलं. मी म्हटलं, 'मावशी, आज कीर्तनात तुमचं नाव घेतो बरं का!' असंच म्हटलं हो, तोंडाला येतं तसं. त्या लाजल्या. मी तांब्या परत दिला आणि पुढं गेलो. नाव विचारलंच नाही! शब्द दिला, आणि नावसुद्धा विचारलं नाही.

माझ्या खिशात विश्वस्तांनी दिलेली चिठ्ठी आहे. अन्नदानाचे, मंडपाचे, हारांचे मिळून अठरा देणगीदार. अध्यक्ष मघापासून खूण करताहेत. वाचतो अध्यक्ष, सगळी वाचतो, एकही गाळत नाही. पण तुम्हीही आठवा जरा. पोरीला, सुनेला, गड्याला, म्हाताऱ्या बापाला, कोणाला काय बोलून बसलायत, आणि तेव्हापासून कुठल्या वाटेनं वळसा घालताय.

मृदंग नको बुवा, एवढ्यात नको.

मावशी, कुठं बसलात? मागं, चपलांपाशी? उठा. माझी चूक झाली, सकाळीच विचारायला हवं होतं. उभ्या राहा, आणि तुमचं नाव सांगा. मोठ्यानं सांगा मावशी, आम्ही सगळे थांबलोय.